मशीनच्या खोलीतली बैठक

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली की मी खोली बदलते. वकिली केली तीसुद्धा दिवाणी, कारण फौजदारीच्या कोर्टाबाहेर उभी असलेली माणसं बघूनच माझ्या छातीत धडधडायचं. पुढे तारखांना कंटाळून मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलं आणि व्यापाऱ्यांचे तंटे कोर्टाबाहेर मिटवणाऱ्या एका संस्थेच्या यादीत नाव घातलं. ही संस्था लवाद पुरवते, मध्यस्थही पुरवते. लवाद दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो. मध्यस्थाला निकाल द्यायचा नसतो, भांडणाऱ्यांना बोलतं करून त्यांची त्यांनाच वाट काढू द्यायची असते. निकालच नाही म्हणजे कुणाचा राग ओढवून घ्यायला नको, भित्र्या माणसाला याहून बरं काम कुठलं, असा माझा हिशेब होता.

प्रशिक्षणात एक नियम आमच्याकडून अक्षरशः घोकून घेतला होता. मध्यस्थ दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोलीत भेटतो. एका खोलीत जे कानावर पडेल, ते त्या माणसाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. घरी, मैत्रिणीजवळ, देवासमोरही बोलायचं नाही. शिकवणारे सर म्हणाले होते, "तुमचं तोंड हीच तुमची सगळी पुंजी." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर माझ्याकडे एक प्रकरण आलं. अर्धापूरकडचा एक कोल्ड स्टोरेजवाला, केळीचा मोठा व्यापार असलेल्या शेतकरी घरातला. समोर लातूरचा मशीनवाला, ज्याने त्याला थंडाव्याची सगळी यंत्रणा बसवून दिली होती. त्याचं घराणं लातुरात पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचं आणि यंत्रांचं काम करणारं. पहिला म्हणे मशीनच खराब दिलं, दुसरा म्हणे तुम्ही देखभाल केली नाही. तारखेला दोघंही नांदेडच्या ऑफिसात हजर झाले, पण एकटे नाही.

आमच्याकडे बैठक म्हटली की वडीलधारं माणूस लागतंच. सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, नाहीतर छापील करारातलं कलम असो. वडीलधाऱ्याला न आणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. संस्थेचं पत्रक सांगतं की फक्त पक्षकार आणि त्यांचे वकील. पण अर्धापूरवाल्याने वडलांना आणलं होतं, सगळे त्यांना आबा म्हणत होते. दम्याचा पंप त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. लातूरवाल्याबरोबर त्याचे चाचा होते, मेंदी लावलेली दाढी, हातात काठी. मी दोघा म्हाताऱ्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, चहा सांगितला. घटकाभरात दोघांचे सूर जुळले आणि दोघे मिळून हल्लीच्या पोरांना नावं ठेवायला लागले. आतली दोन्ही पोरं पन्नाशीच्या आसपासची होती.

मी आधी अर्धापूरवाल्याला घेऊन एका खोलीत बसले. नेहमीप्रमाणे सांगितलं की इथलं इथंच राहील. तो बराच वेळ मशीनला शिव्या घालत होता. मग उठला, दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढून बसला.

"मॅडम, हे फक्त तुमच्याजवळ. मशीनच्या खोलीत वास येऊन राहिला."

"कसला वास?"

"गॅसचा. अमोनियाचा. एक व्हॉल्व्ह हाय, तो गळून राहिला. आधी थोडा येत होता, आता लई येतो. बाया डोळे चोळून राहिल्या."

त्या खोलीच्या भिंतीला लागूनच केळीच्या फण्या धुऊन क्रेट भरणाऱ्या बाया बसतात, हे त्यानेच सांगितलं. मध्ये एक दार, तेही हवा यावी म्हणून उघडंच.

"मग बंद का नाही केलं?"

"नवरात्र तोंडावर हाय, मॅडम. उपासाची केळी. माहूरला किती माल जातो तुम्हाला ठाऊक हाय. एवढं नवरात्र होऊ द्या, मग करतो बंद. आत्ता मी बोललो तर तो लातूरवाला म्हणंल, बघा, ह्यांनीच बिघडवलं. माझी केस तिथंच मेली."

"आत्ता बाया आहेत तिथे?"

"हाव, असणारच की. दिवस कामाचा हाय."

अमोनियाबद्दल मला फार कळत नव्हतं, पण कुठल्याशा गावात कोल्ड स्टोरेजमधून माणसांना उचलून बाहेर काढल्याची बातमी मी कधीतरी वाचली होती आणि वाचून पान उलटलं होतं. ते पान आता डोळ्यांसमोरून हलेना. मी पाणी प्यायले.

"हे मी तिकडच्या खोलीत सांगू?" मी विचारलं.

"न्हाई. अजिबात न्हाई. तुम्हीच म्हणलात ना, इथलं इथंच."

म्हटलं होतं खरं. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

लातूरवाला सौम्य माणूस होता. करार, पावत्या, फोटो असं सगळं नीट लावून बसला होता. तो बोलत होता आणि मी मान हलवत होते. त्याचा एक शब्दही माझ्या डोक्यात शिरत नव्हता. समोर बसलेल्या या माणसाला तो व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कसा बंद करायचा, सगळं माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर तो ताडकन उठला असता. आणि मी बसले होते गप्प, चेहरा कोरा ठेवून, कारण चेहऱ्यावरूनही काही कळू द्यायचं नसतं, हेही आम्हाला शिकवलं होतं. मध्येच तो थांबला.

"मॅडमजी, तब्येत ठीक आहे ना? घाम आलाय तुम्हाला."

"उकडतंय," मी म्हणाले. डोक्यावर पंखा गरगरत होता.

एवढ्यात बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि मी खुर्चीतच दचकले. वाटलं, आलाच तो फोन. झालं काहीतरी अर्धापूरला. नंतर कळलं, आबांची लेक चहा घेतला का म्हणून विचारत होती.

चहाची सुट्टी जाहीर करून मी गच्चीवर गेले. संस्थेत आम्हा मध्यस्थांना अडल्यावर विचारायला एक ज्येष्ठ बाई नेमलेल्या आहेत. लातूरलाच राहतात, जिभेच्या तिखट. पक्षकारांची नावं, गाव, धंदा न सांगता सल्ला विचारता येतो. नंबर दोनदा चुकला. मी एवढंच म्हणाले की बंद खोलीत असं काही कळलंय, ज्याने माणसं मरू शकतात.

"आज?" त्यांनी विचारलं.

"आत्ताही."

"मग रडतेस कशाला? जिवावर बेतत असेल तर नियमाला अपवाद आहे. शिकवलं होतं, तेव्हा झोपली होतीस का? उठ आणि सांग ज्याला सांगायचं त्याला."

मी फोन ठेवणार, तर त्या म्हणाल्या, "थांब. अपवाद आहे, पण तो वापरलास की नांदेड-लातूरचा एकही व्यापारी पुन्हा आपल्या मध्यस्थांसमोर तोंड उघडणार नाही. पुढच्या वेळी असलंच काही असेल, ते कुणालाच कळणार नाही. म्हणून आधी त्याच्याच तोंडून वदव. घड्याळ समोर ठेवून बस. नाही बोलला तर तू बोल, मी तुझ्या पाठीशी आहे."

पाठीशी म्हणजे लातूरला. गच्चीवर मी एकटीच होते. मला इतकी भीती क्वचितच वाटली असेल. बोलले तर माझं काम गेलं, संस्थेचं नाव गेलं. नाही बोलले आणि तिकडे काही झालं, तर मी जन्मभर केळं हातात धरू शकणार नाही. आणि त्याच्याच तोंडून वदवायला जो वेळ जाईल, तोही त्या बायांच्याच श्वासातून जाणार होता. जिन्यावरून उतरताना मी कठडा सोडला नाही.

अर्धापूरवाल्याच्या खोलीत गेले. समजावलं. बायांच्या लेकराबाळांचं नाव काढलं. कायद्याचा धाक घातला. शेवटी स्पष्टच सांगितलं, की आज उठायच्या आत मशीन बंद झालं नाही तर मी ही मध्यस्थी मोडीन आणि कळवायचं तिथे कळवीन. तो चिडला.

"म्हणजे तुम्ही फिरल्या शब्दाला. असं असतंय का? नवरात्र होऊ द्या म्हणलो ना मी. बायांना सवय हाय वासाची. काही होत न्हाई."

काही होत नाही. हे तो इतक्या सहज म्हणाला की माझ्या भीतीवर राग चढला. मला एकदम बाहेरच्या बाकावरचे दोन म्हातारे आठवले आणि तोंडून निघून गेलं, "ठीक आहे. काही होत नाही ना? मग पुढची बैठक तुमच्याच जागेवर घेऊ. मशीनच्या खोलीतच. दोन्ही बाजूंना मशीन समोर बघता येईल."

"या की," तो लगेच म्हणाला. घरी येतो म्हणणाऱ्याला नको म्हणायची रीतच नाही आमच्याकडे. "जेवूनच जा."

"उद्याच. सगळे येऊ. चाचा येतील, आबा येतील. खुर्च्या तिथेच टाकू. वेळ लागेल, दुपार होईल."

तो हो म्हणायला गेला आणि अडकला. नजर दाराकडे गेली. दारापलीकडून आबांचा खोकला ऐकू येत होता. मधूनच चाचांचं हसणं.

"आबांना नको," तो म्हणाला.

"बैठक आहे. त्यांच्याशिवाय कशी होईल?"

"त्यांना दमा हाय, मॅडम. तिथं न्हाई बसवता येणार त्यांना. घटकाभर पण न्हाई."

मी एवढंच विचारलं, "बाया सुटतात किती वाजता?"

त्याने खिशातून फोन काढला, तिथल्या माणसाला लावला आणि ओरडून सांगितलं की आधी बायांना बाहेर काढ, सगळ्यांना, क्रेट राहू दे तसेच. फोन चालू ठेवूनच तो उठला, स्वतः चालत लातूरवाल्याच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "व्हॉल्व्ह गळून राहिला. काय करायचं सांगा."

मला वाटलं, आता लातूरवाला पावती उचलणार. त्याने चष्मा काढला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "फोन इकडे द्या," तो म्हणाला. मग तिकडच्या माणसाला एकेक गोष्ट सावकाश सांगत गेला. तोंडाला ओलं फडकं बांध, वारा पाठीवर घेऊन जा, एकटा जाऊ नको, आत जायचंच नाही, फक्त बाहेरचं बटण दाब. तेवढ्या वेळात आमच्यापैकी कुणी बसलं नाही. पलीकडून "बंद झालं, बाया रस्त्यावर हाइत" असं ऐकू आलं, तेव्हा मी भिंतीला टेकले आणि तशीच खाली बसले. दोन्ही पक्षकारांनी मला धरून उठवलं. मध्यस्थाने तटस्थ राहावं म्हणतात, म्हणून मी दोघांचेही हात धरले.

तंटा काही त्या दिवशी मिटला नाही. संस्थेच्या दप्तरी "तडजोड नाही, पुढील तारीख" एवढीच नोंद झाली. लातूरवाल्याचे कारागीर दुसऱ्याच दिवशी अर्धापूरला पोहोचले. पण काम मोठं निघालं आणि अख्खं नवरात्र कोल्ड स्टोरेज बंद राहिलं.

दसऱ्यानंतर आम्ही खरोखरच तिथे बैठक घेतली. मी लवकर पोहोचले आणि फाटकाशी थांबले. कामावर परतलेल्या बाया पाण्याच्या टाकीजवळ हातपाय धूत होत्या. त्यातली एक वयस्कर बाई माझ्याकडे आली. मी कोण, हे तिला माहीत नव्हतं. साहेबाला भेटायला आलेली कुणी तरी, एवढंच.

"लई हाल झाले बघा, बाई," ती म्हणाली. "ऐन नवरात्रात काम बंद. नांदेडात कोणती तरी मॅडम हाय म्हणे, तिनं बंद पाडलं. तिला काय जातंय? पंख्याखाली बसायचं आन्‌ गरिबाची चूल इझवायची."

मला सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. त्या दिवशी तुमच्या भिंतीपलीकडे काय होतं, तुम्ही कशाच्या शेजारी बसून फण्या धुवत होतात. पण ते बंद खोलीतलं होतं आणि माणसं आता सुरक्षित होती, म्हणजे मला तोंड उघडायचा अधिकार उरला नव्हता.

"खरंय," मी म्हणाले. "तिला काय जातंय."

माझं अनुमोदन मिळाल्यावर तिला चेव आला. त्या मॅडमचं खाणं, पिणं, बसणं, तिची साडी, तिचं सात पिढ्यांचं खानदान, सगळं तिने काढलं. एकदाही खोकली नाही, एकदाही डोळे चोळले नाहीत. मी तिथेच उभी राहून तिचा मोकळा, खणखणीत आवाज ऐकत राहिले, आणि साहेब आत बोलावत होते तरी माझा पाय निघेना.