रोवण्यातला न सरणारा दिवस

"ताईले पाहून ये," असं आईनं फर्मान काढलं आणि मी भर रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत नवेगाव बांधला निघालो. तुम्हीही तिथला तलाव पाहायला जाणार असाल तर आधीच सांगतो, गोंदियाच्या फलाटावर घड्याळासमोर बसू नका. छोट्या लाईनची गाडी कधी सुटणार ते कुणी सांगेना, आणि मी बघत होतो तोवर काटा जागचा हलेना! शेवटी वैतागून एका फुटाणेवाल्याशी भांडण काढलं, तर भांडण रंगात येताच गाडी लागली.

देवलगावला उतरल्यावर छकडा ठरवावा, चिखलातून पायी जाण्याचा शहाणपणा करू नये. गाडीवान अस्वलाच्या गोष्टी सांगत होता, त्यामुळे रस्ता कधी सरला कळलंच नाही.

ताईच्या शेतावर मात्र डोकं फिरलं. बांधावर छत्रीखाली भाऊजी खिशातलं घड्याळ हातात घेऊन बसलेले, आणि चिखलात बायांची रांग मुकाट वाकलेली. रोवणा आणि गाणं नाही?

"गान्यानं हात ढिले पडते," भाऊजी म्हणाले. "आजपासून बंद."

हात ढिले तर आता पडले होते! बाया घडोघडी कंबर सरळ करून सूर्याकडे बघत. "दिस बुडूनच नाही राहिला," सखूबाई कुरकुरली. "उद्या आमी दुसऱ्याच्या बांधीत जातो. तिथं गाऊ त देते."

उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या बांधावर पडल्या होत्या. उद्या बाया आल्या नसत्या तर पऱ्हे सडले असते आणि वर्षाचं धान गेलं असतं.

"भाऊजी, रिकामं मन दिवसच मोजत बसते," मी चिडून म्हणालो. "गान्यात गुंतलं का त्याले ऊन दिसत नाही."

"तू दुकानात कापड मोज. शेतीतलं तुले काय समजते?"

तेवढ्यात ताई भात आणि लाखोरीचं वरण घेऊन आली. सखूबाईचं बोलणं तिनं ऐकलं, टोपलं खाली ठेवलं, लुगडं खोचलं आणि थेट चिखलात उतरली. मालकाच्या घरची बाई रोवायला उतरत नाही, आणि नवऱ्यासमोर गाणं तर सोडाच. ताईनं गाणं उचललं. आवाज आधी चिरकला, मग बायांनी साथ धरली.

"काऊन गाऊन राहिली? बाहेर निघ!" भाऊजी ओरडले. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"अगं बाई, बुडला काय दिस?" शेवटची जुडी लावून सखूबाई म्हणाली. "येतो उद्या."

जेवायला तलावातले ताजे मासे होते. ते मात्र चुकवू नका. भाऊजी वाढून घेत म्हणाले, "पाहा, घड्याळ समोर ठेवलं त कसं झटझट काम झालं!" मला इतका संताप आला की काटा घशात अडकला. ताई भात वाढत राहिली.

घरी आलो तरी राग उतरला नव्हता. तलाव कसा होता हे सांगायचं सोडून आईला सगळा तमाशा ऐकवला. भाऊजींना ती चार शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "गायली ती? लग्नाआधी दिवसभर गात राहायची. सासरी गेल्यापासून मी एकदाबी नाही ऐकलं."

मग तिनं विचारलं, "एवढी वर्षं तिचा दिवस कसा जात असन रे?"