न विचारणारा डीबगर

सरांनी सांगून ठेवलं होतं, शेवटच्या प्रॅक्टिकलला जो पहिला येईल त्याचंच नाव पुण्याच्या कंपनीला कळवणार. एकच नाव. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते माझंच असायला पाहिजे होतं, पण मधे माझा रूम पार्टनर होता, रेणापूरकडचा. भूकंपात घर गेलेलं, पत्र्याच्या शेडात अभ्यास करून लातूरच्या क्लासमध्ये पहिला आलेला. लोक त्याचं कौतुक करायच्या आधी हळहळायचे. मी हदगावचा, घर धडधाकट उभं, माझ्यासाठी कोण हळहळणार? खोटं कशाला बोलू, मला त्याच्या भूकंपाचासुद्धा हेवा वाटायचा.

लॅबमध्ये काळ्या स्क्रीनवरच्या डीबगरमध्ये आम्ही प्रोग्रामात जागोजागी थांबे लावून चूक शोधायचो. थांबा काढायचा तर डी टाईप करून त्याचा नंबर द्यायचा. नंबर न देता एंटर दाबला की डीबगर विचारायचा, सगळेच काढू का? ऊठसूट होय की नाही, होय की नाही. वैताग नुसता. याचा डीबगर मात्र काहीच विचारायचा नाही, आणि याची बोटं सुसाट. सर त्याच्या मागं उभे राहून बघत बसायचे. माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा तो चहाला गेल्यावर मी त्याची सेटिंगची फाईल उघडली. एकच ओळ, सेट कन्फर्म ऑफ, म्हणजे होय की नाही विचारणं बंद. हात्तिच्या, एवढंच! पण त्याला विचारायचा कमीपणा कोण घेणार? गुपचूप माझ्या फाईलमध्ये उतरवली आणि महिनाभर मीही ऐटीत फिरलो.

प्रॅक्टिकलला नऊ थांबे लावून मी चुकीच्या अगदी जवळ पोचलो होतो. एक थांबा काढायला डी दाबलं, आणि घाईत नंबराआधीच एंटर दाबला गेला. डीबगरनं चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, निघाला एक. प्रोग्राम पुढं सोडला तर तो कुठंच न थांबता थेट शेवटाला गेला. न विचारता नऊच्या नऊ थांबे उडाले होते. थांबे कुठं कुठं होते ते कागदावर टिपलेलं नव्हतं. परत लावता लावता वेळ संपली.

नाव त्याचं गेलं. रूमवर न राहवून मी त्याला ओळ चोरल्याचं सांगून टाकलं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"अरे, परीक्षेच्या दिवशी ती ओळ मी काढून ठेवतो," तो म्हणाला. "माझे हात लई कापतेत. विचारला असतास तर सांगितलो असतो की."

मला लाज वाटायला हवी होती. आला तो रागच. कापऱ्या हातांनीसुद्धा हाच पुढं गेला.