स्मरणार्थ भेट दिलेली गिटार

तुमच्या डोक्यावर फिरणारा पंखा कुणाच्या स्मरणार्थ आहे, हे तुम्ही कधी मान वर करून वाचलंय का? शाळेत, दवाखान्यात, समाजमंदिरात पंख्याच्या पात्यावर नाव असतं. एसटी स्टँडवरच्या बाकाच्या पाठीवर असतं. आपण त्या नावाला टेकून शेंगदाणे खातो. मीही खाल्ले आहेत. वाचायला लागले ते या उन्हाळ्यात, थिनरची बाटली हातात आली तेव्हा.

धुळ्यात आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. तिच्यात माझ्या वडिलांच्या गायन पार्टीचं सामान असायचं. वडील गायचे आणि पेटी वाजवायचे, त्यांचे मित्र नाना ढोलकीवर, बाकीचे मिळेल त्यावर. जयंतीच्या दिवसांत पार्टी सोनगीर, दोंडाईचा, पार जळगावपर्यंत जायची. मग मंडळांनी डीजे लावायला सुरुवात केली. डीजेला जेवायला वाढावं लागत नाही आणि तो दुसऱ्या डीजेचं कौतुक ऐकून रुसत नाही. पार्टी बंद झाली असं कुणी जाहीर केलं नाही. फक्त खोलीचं कुलूप उघडायला लोक विसरले.

मी पत्रकांवर वाढले. वडील प्रत्येक कार्यक्रमावरून स्टॉलवरच्या पातळ पुस्तिका आणायचे आणि घरात खेळण्यांच्या जागी त्याच होत्या. त्यामुळे मला साधा रजेचा अर्जही निषेधाशिवाय लिहिता येत नाही. वस्तीतली पोरं पोलीस भरतीचा अभ्यास हायवेच्या दिव्याखाली बसून करतात आणि इकडे एक पक्की खोली कुलपात आहे, हे मला सहन झालं नाही. मी पत्रक काढलं. ‘खोली कुणाची? वाद्यांची की विद्यार्थ्यांची?’ असा मथळा होता. विहार समितीने ते वाचलं, मान्य केलं आणि एका ओळीचा ठराव केला: खोली रिकामी करून अभ्यासिका करावी, सामान ऑनलाइन लिलावात विकावं आणि हे काम पत्रक काढणारीने करावं.

वडिलांनी ठराव ऐकून चष्मा पुसला. “चांगलं पत्रक होतं,” म्हणाले.

सामान बाहेर काढलं. एक कीबोर्ड, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, ऑक्टोपॅड, माईकांचा गुंता, जळगावहून कधीतरी जुनी घेतलेली एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक साधी लाकडी गिटार. एका स्पीकरमध्ये उंदरांनी संसार केला होता. ऑक्टोपॅडच्या फटीतून तंबाखू निघाली. नाना म्हणाले, ती दुसऱ्या कुणाची तरी असेल. पार्टीत तंबाखू खाणारे ते एकटेच होते, पण मी वाद घातला नाही.

जुन्या तारा काढल्या. टूथब्रशने पट्ट्यांमधला मळ काढला, लाकडाला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. मागे निळी चादर बांधून व्हरांड्यात फोटो काढले, तेही सकाळी लवकर, कारण नंतर धुळ्याचं ऊन कोणतीही वस्तू पांढरीच दाखवतं. लिलावाच्या साइटवर सूचना होती की दोष लपवू नका, स्पष्ट लिहा. इतकी पटलेली सूचना मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होते. मी लिहिलं: ‘कीबोर्ड. वरच्या बाजूचा एक सूर उमटत नाही. आमच्या गायकांनी तो सूर टाळून गाण्याची सवय लावून घेतली होती.’ ‘अ‍ॅम्प्लिफायर. चालू केल्यावर आधी गुरगुरतो, मग ऐकतो.’

वडिलांनी खांद्यावरून डोकावून वाचलं. “सामान विकतेस का आरोपपत्र दाखल करतेस?”

“खरं लिहायला नको?”

“लिही ना. त्याच्या बाजूने वकील तरी दे.”

लाकडी गिटार शेवटी ठेवली होती. ती अक्कांच्या मुलाची. अक्का आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. त्यांचा मुलगा सुरतेला कामाला होता आणि सुट्टीत आला की पार्टीत वाजवायचा. मी तेव्हा शाळेत होते. मी पेटीचा एक सूर धरून ठेवायचे आणि तो त्यावर तारा मिळवायचा. माझं बोट दुखलं की म्हणायचा, “सोडू नको, सूर पळून जाईल.” मग त्याला कावीळ झाली आणि तो गेला. पुढच्या जयंतीला अक्कांनी त्याची गिटार पार्टीला दिली आणि पेंटरकडून तिच्यावर मुलाचं नाव टाकून घेतलं. पेंटर मागच्या बाजूला लिहीत होता. अक्का म्हणाल्या, मागे कोण वाचणार, पुढे लिही. म्हणून पुढे, मधल्या गोल भोकाभोवती, पिवळ्या ऑइलपेंटने त्याचं पूर्ण नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. शेवटी जागा संपली म्हणून ‘भेट’ फार बारीक आहे.

लिलाव सुरू झाला आणि आकडे भराभर चढले. गुरगुरणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर इतकी चुरस लागली की मी वडिलांना बोलावून मोबाइल दाखवला. सत्य लिहिल्याने विक्री वाढते, असं एक पत्रक मनात तयारही होऊ लागलं. मुदत संपली. पैसे मात्र कुणाकडूनच आले नाहीत. म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायर जिंकणाऱ्याला फोन लावला, आणि माझ्या समोर पायरीवर वायर गुंडाळत बसलेल्या नानांच्या खिशात रिंग वाजली.

नानांनी फोन काढला, नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि उचलला. “हॅलो.”

“नाना, तुम्ही बोली लावली?”

“थोडी.”

“तुम्हाला अ‍ॅम्प्लिफायर हवाय?”

“मला कशाला? माझ्या घरात तुझी काकू आहे की गुरगुरायला. फक्त भाव ठेवायचा होता.”

मग कळलं की सगळ्यांनीच भाव ठेवला होता. आमच्याकडे वर्गणी सुरू होते तेव्हा पहिला आकडा आपल्याच माणसाने मोठा बोलायचा असतो, म्हणजे पुढच्यांना छोटा बोलायची लाज वाटते. नानांनी आणि पार्टीतल्या बाकीच्यांनी तीच रीत मोबाइलवर पाळली होती. फक्त पुढचे कुणी आलेच नाहीत. सगळं सामान पार्टीनेच जिंकलं होतं आणि होतं तिथेच होतं.

मी त्यांना पायरीवर बसवून समजावलं. ही फसवणूक आहे, अनोळखी माणसाला जास्त किंमत मोजायला लावणं आहे, याच गोष्टीसाठी आपण बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांना नावं ठेवतो. जरा लांब बोलले.

“पण फसलं कोण?” नानांनी विचारलं. “जिंकलो तर मीच.”

“मुद्दा तो नाही.”

“तुझ्या वडिलांचा आवाज निघालाय त्यातनं. त्याला कोणी कमी भावात मागावा आणि आपण बघत बसावं?”

तरी मी सगळ्या बोल्या रद्द केल्या, साइटला खरं कारण कळवलं आणि नव्याने लिलाव लावला. या वेळी आकडे सावकाश चढले आणि पैसेही आले. कीबोर्ड जळगावच्या एका शाळेत गेला. इलेक्ट्रिक गिटार तिथल्याच एका कॉलेजच्या मुलाने नेली. अ‍ॅम्प्लिफायर एका भजनी मंडळाने घेतला. वडिलांनी त्यावर थोडा विचार केला. “जाऊ दे,” म्हणाले, “तिथेही आधी गुरगुरेलच.”

लाकडी गिटारीवर मात्र बोली आली नाही. तिचं वर्णन मी सर्वांत मनापासून लिहिलं होतं: ‘या गिटारीवर एका कामगाराचं नाव आहे. ते पुसलं जाणार नाही. ज्यांना नाव खुपतं त्यांनी बोली लावू नये.’ लोकांनी ते ऐकलं. एकाने फक्त प्रश्न टाकला, ‘नाव थिनरने जाईल का?’ मी त्याला परिच्छेदभर उत्तर दिलं. त्याने परत काही विचारलं नाही.

तोपर्यंत खोलीत टेबलं लागली होती. पोरं आत बसून नकाशे पाठ करत होती आणि गिटार त्यांच्या डोक्यावर खिळ्याला लटकत होती. उठताना एकाचं डोकं रोज लागायचं आणि ती वाजायची. समितीचं म्हणणं पडलं की नाव खरवडा आणि विषय संपवा. मी समितीला लेखी कळवलं की मेलेल्या माणसाचं नाव गैरसोयीचं होतं म्हणून पुसणं हे आपल्या चळवळीला शोभत नाही.

वडिलांनी तो कागद वाचला. “अक्कांना विचारलंस?”

विचारलं नव्हतं. पत्रकात कुणाला विचारायची जागा नसते.

अक्का अंगणात साडीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “ये माय, बस. शेळीकडे ध्यान ठेव.” मी बसले आणि शेळीकडे ध्यान ठेवलं.

“गिटार इकाई गई का?” त्यांनीच विचारलं.

“नाही अक्का. लोकांना नाव नको आहे. पण तुम्ही काळजी करू नका. मी पुसू देणार नाही. मी समितीला तसं लिहून दिलंय.”

त्या बिबडी थापत राहिल्या. “मंग इतला दिन ती कोठे शे?”

“खोलीतच. खिळ्याला.”

“वाजत नही?”

“पोरांचं डोकं लागलं की वाजते.”

अक्कांनी हात थांबवला. “पुशी टाक,” म्हणाल्या.

मी त्यांना सांगायला लागले की हा तुमचा हक्क आहे, कुणाच्या दबावाखाली येऊ नका. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

“मना आंडोरनं नाव माले पाठ शे,” त्या म्हणाल्या. “कोनी बी वाजाडी, त्याना छातीवर ते कशाले? ती वाजाले पाहिजे.” मग पुढची बिबडी घेतली. “कोठे बी जाऊ दे, पन माले एकदा ऐकू दे. ती शेळी देख.”

शेळीने तोवर एक बिबडी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी थिनर आणला. गिटार अक्कांच्याच अंगणात नेली, कारण त्यांच्या माघारी पुसणं मला जमलं नसतं. वडिलांची जुनी बनियन भिजवून मी ‘भेट’पासून सुरुवात केली. मुलाचं नाव शेवटी ठेवलं. तिथे आल्यावर माझा हात हलका झाला.

“जोर लाव,” अक्का म्हणाल्या.

जोर लावला. पिवळा रंग बनियनवर आला आणि गिटार कोरडी झाली. मग आम्ही तिघांनी ती उन्हात धरली. इतकी वर्षं मांडवातला उजेड आणि खिडकीतलं ऊन खाऊन लाकूड काळवंडलं होतं. रंगाखालचं तेवढं लाकूड मात्र गोरं राहिलं होतं. अक्षर अन् अक्षर तसंच दिसत होतं, बारीक ‘भेट’सुद्धा.

“गयं का?” अक्कांनी विचारलं. त्यांना जवळचं कमी दिसतं.

“रंग गेला,” मी म्हणाले. “नाव दिसतंय.”

त्यांनी गिटार मांडीवर घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. वडील दुसरीकडे पाहत होते.

“मंग ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “आपन तं पुशं ना.”

त्या संध्याकाळी मी नवीन वर्णन लिहिलं आणि वडिलांना दाखवलं. त्यांनी एकही शब्द बदलला नाही: ‘लाकडी गिटार. आवाज मोकळा आहे. थिनरमुळे पुढची चमक थोडी गेली आहे. पुढच्या बाजूला नाव होतं, ते पुसलं आहे. तरी वाचता येतं.’

लिलाव अजून चालू आहे. नानांना ताकीद दिलेली आहे. साइटवर जे लिहायला जागा नाही ते इथे लिहिते. तुम्हाला गिटार वाजवता येत असेल, किंवा शिकायची असेल आणि शिकणं अर्धवट सोडायची सवय नसेल, तर बोली लावा. भिंतीवर टांगायची असेल तर लावू नका, खिळा आमच्याकडेही आहे. नवीन तारा मी घालून देईन. वडिलांची पेटी आम्ही विकलेली नाही, तिच्या सुरावर मिळवून देईन. पार्सलमध्ये आमच्या मागच्या गल्लीतला एक फोन नंबर असेल. गिटार पोचली की त्या नंबरावर फोन लावा, मोबाइल जवळ ठेवा आणि वाजवा. चुकलात तरी चालेल, पण मधे थांबू नका. पलीकडून कुणी बोललं नाही, तर फोन कट झाला असं समजू नका.