वर कुठला रंग?

झेंडाचाचांच्या खोलीत पुटपुटायला बंदी होती. बाहेर सगळं शहर खेळांच्या गडबडीत, आणि आत इस्त्रीच्या वाफेत उभा असलेला साठीचा माणूस माझ्यावर डाफरायचा, "मोठ्यानं, बाय! माझ्या कानापर्यंत येत नाय, ते झेंड्यापर्यंत कसं जायचं?"

दोह्यात अनेक देशांच्या क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. वडील इथल्या हमद पोर्टवर जहाजांवरचे कंटेनर बांधायच्या कामावर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नाशिकजवळच्या गावात बारावी करून इथे आले होते आणि इंग्रजी बोलताना अडखळायची. लोकांसमोरचं काम नको, आतलं काहीतरी द्या, अशी मीच विनंती केली. म्हणून मला वेटलिफ्टिंगच्या हॉलमागे झेंड्यांच्या खोलीत पाठवलं.

चाचा रत्नागिरीकडचे. दोह्याच्या अल नस्र भागात तीस वर्षं शिवणकाम केलेले. पदकं देताना तीन झेंडे वर चढतात, ते इस्त्री करून दांडीला लावायचं काम त्यांच्याकडे होतं. चहाचा कप घेऊन ते कधी उंबरठ्याच्या आत आले नाहीत. "त्या पोरानं एवढं वजन उचललंय. आपल्याला एक कापड सरळ लावता येऊ नये?" असं म्हणायचे.

त्यांची एक पद्धत होती. झेंडा लावताना एकानं रंग मोठ्यानं सांगायचे आणि दुसऱ्यानं ते भिंतीवरच्या झेंड्यांच्या तक्त्याशी ताडून पाहायचे. "वर कुठला रंग?" असं ते प्रत्येक वेळी विचारत. एकदा मला एक झेंडा ओळखू आला नाही आणि मी अंदाजानं भलत्याच देशाचं नाव सांगितलं. चाचांनी इस्त्री बाजूला ठेवली. "विचारायची लाज वाटते तुला. मग चुकायची कशी नाय वाटत?" मला रडू आलं. त्यांनी डब्यातलं घावन पुढे केलं आणि म्हणाले, "खा. आणि आता विचार."

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. एका स्पर्धेचा निकाल लांबला, बक्षीस समारंभ घाईत आला. सुपरवायझर दारातून "यल्ला, यल्ला!" म्हणत घाई करत होता. मी झेंडे वर चढवायच्या दोरीपाशी उभी होते. त्या गडबडीत चाचांनी न विचारता, न म्हणता झेंडे लावून टाकले. मधला झेंडा उझबेकिस्तानचा होता. त्यात निळा वर हवा, पण वर हिरवा दिसत होता.

मला वाटलं, चाचा चुकणार नाहीत, मीच चुकत असेन. शिवाय सगळ्यांसमोर त्यांना चूक दाखवायची कशी? बाहेर खेळाडूंची नावं पुकारली जात होती. ज्यानं सोनं जिंकलं, त्याचाच झेंडा सगळ्यांदेखत उलटा चढणार होता.

"चाचा, थांबा!" मी ओरडले. "वर निळा हवा!"

चाचांनी भराभर क्लिपा सोडल्या आणि मी झेंडा सरळ धरला. तो चढला तेव्हा निळा वर होता.

सुपरवायझर माझ्याकडे रागानं बघत होता. चाचा हिंदीत म्हणाले, "गलती मेरी थी. इसने पकड़ी."

नंतर ते खोक्यावर बसून चष्मा पुसत राहिले. "डोळ्यात मोतीबिंदू हाय, बाय. निळा-हिरवा आता एकसारखाच दिसतो. सांगितलं तर कामावरून काढतील, म्हणून गप्प बसलो. तुला बोल बोल म्हणतो, आणि मीच..." त्याच संध्याकाळी त्यांनी सुपरवायझरला सगळं सांगून टाकलं. त्यांना काढलं नाही. फक्त तपासायचं काम माझ्याकडे आलं.

आता वर्गात समजलं नाही तर मी हात वर करते. अजूनही अडखळते, पण विचारते. चाचांचे आभार मी नीट मानले की नाही, आठवत नाही. स्पर्धा संपल्या आणि ते ऑपरेशनसाठी गावी गेले.

स्पर्धांच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे झेंडे खोक्यांत भरले होते. मी एकेक उघडून रंग सांगत होते. चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. माझ्या शब्दावर ते घडी घालत गेले. "मोठ्यानं" असं त्यांना एकदाही म्हणावं लागलं नाही.