मैत्रिणीच्या नावावर सांगितलेली गोष्ट

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल कमी आणि बिडीचं पान जास्त राहिलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय सुरुवात होईना.

थोरल्या जावेच्या भिशीचे आठ हजार माझ्या खात्यात होते. तिचं खातं बंद पडलेलं, म्हणून विश्वासानं ठेवलेले. एक दिवस फोन आला. बिडी कामगारांच्या मुलींची स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, मोबाईलवर आलेला नंबर सांगा. लेक कॉलेजात. मी सांगितला. पैसे गेले.

जाऊ मला चोर म्हणेल, या भीतीनं कामात लक्ष लागेना. दिवसाला हजार बिड्या वळणारी मी, पाचशेवर अडायला लागले. त्यातल्याही कितीतरी बिड्या मोजून घेणारा मुकादम वाईट म्हणून बाजूला काढायचा.

आम्हा बिडीवाल्या बायकांचा मोबाईलवर ग्रुप आहे. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या बायका त्यात आहेत. मी कधी बोलत नसे. त्या दिवशी लिहिलं, 'माझ्या मैत्रिणीचे पैसे फोनवर गेले. काय करावं?'

"मैत्रिणीला अक्कल न्हाय व्हय?"

"फुकटचं गावतंय म्हटल्यावर पळत्यात."

एकीनं नुसते हात जोडले.

दोन दिवस फोनला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी पानं भिजवताना न राहवून ग्रुपवर लिहायच्या ऐवजी आवाजातच बोलले, "मैत्रीण न्हाय, ती मीच. पैसं जावंचं हायत. सांगायचं धाडस न्हाय." पाठवलं. लगेच पुसून टाकलं. माझ्या फोनवरून गेलं, तसं सगळ्यांच्याच फोनवरून गेलं असं मला वाटलं, पण बायकांनी ते ऐकलं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजायला लागला.

बेळगावातल्या अनगोळची एक बाई म्हणाली, "आक्का, माझंबी बारा हजार असंच गेलं. नवऱ्याला अजून सांगितलं न्हाय."

मग अक्कल काढणारी बाई. "रडू नगं गं. आधी बँकेत जा, मग पोलिसात लिहून दे. आन जावंला तूच सांग. दुसऱ्याकडनं कळलं तर चोर ठरतीस."

ती हीच बाई का, म्हणून मी दोनदा नाव पाहिलं. गेलेले पैसे तेच, माझा मूर्खपणा तोच. फक्त मधली मैत्रीण गेली होती.

बँकेत अर्ज घेतला, पोलिसांनीही. हाती काही आलं नाही. संध्याकाळी जावेच्या चुलीपाशी उभी राहून एका दमात सांगून टाकलं.

तिनं चुलीवरून मान वर केली. "म्हणून आठ दिस तोंड चुकवत हुतीस? मला वाटलं, परवाच्या लग्नात साडी हलकी दिली म्हणून रुसलीस!" मग भाकरी उलटत म्हणाली, "पैसं मातर मला पायजेत बग."

"देते, आक्का."

दर आठवड्याच्या मजुरीतून देत गेले. अनोळखी नंबरचा फोन अजून उचलत नाही. मागच्या शनिवारी शेवटचे पाचशे दिले. तिनं दोनदा मोजले, मी दारातच उभी. आठ हजार पुरते फिटले.