मुठीत मावणारे ससे

बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटला वर गच्ची होती, आणि बुटक्या जातीचे ससे वाढवायचं मी मनावर घेतलं ते त्या गच्चीच्या जिवावर. सोमवार ते शुक्रवार कंपनीच्या बसने हिंजवडी, उरलेला जीव सशांत. मी त्याला छंद म्हणायचो. बायको खूळ म्हणायची, आणि तिचंच बरोबर होतं.

पण सुख होतं त्यात. विण्याच्या आदल्या दिवशी मादी स्वतःच्या छातीचे केस उपटून पेटीत अंथरायची, ते बघताना माझा चहा निवून जायचा. दहाव्या-अकराव्या दिवशी पिल्लं डोळे उघडायची. लसूणघास मी एका गोठ्यातून आणायचो, उन्हाळ्यात पिंजऱ्यांवर ओली पोती टाकायचो, आत बर्फाच्या बाटल्या ठेवायचो. एवढे लाड मी घरातल्या माणसांचे कधी केले नाहीत.

वडील गेल्यावर आई अमरावतीहून आमच्याकडे राहायला आली. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, त्यामुळे ससे तिच्या गळ्यात पडले. तिलाही ते आवडायला लागले.

जवळजवळ प्रत्येक वेताला एखादं पिल्लू इतरांच्या निम्मं निघायचं. डोकं मोठं, कान चिकटलेले, मागचा भाग आवळलेला. दोन-तीन दिवसांत ते जायचं. आई त्याला वेगळं काढून शेळीचं कोमट दूध ड्रॉपरने थेंब थेंब पाजायची, पदरात गुंडाळून बसून राहायची. ते गेलं की संध्याकाळी मला विचारायची, "दूध जास्त गरम झालं का रे?"

मला कारण माहीत होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर परदेशातल्या ससे पाळणाऱ्यांचं सगळं वाचून काढलं होतं. नर-मादी दोघंही बुटके असले, की दोघांकडूनही बुटकेपणा घेऊन जन्मलेलं पिल्लू जगत नाही, ब्रह्मदेव आला तरी. ते टाळायचं तर मादी साध्या, मोठ्या अंगाची हवी. तशी एक माझ्याकडे होतीही. पण तिची निम्मी पिल्लं तिच्यासारखीच मोठी, लांब कानांची व्हायची, आणि मला मुठीत मावणारा ससा दाखवून मिरवायचं होतं. रविवारी ऑफिसातलं कुणी गच्चीवर येऊन "सो क्यूट" म्हणालं, की मी आठवडाभर फुगलेला असायचो. म्हणून लहानाशी लहानच जोडत राहिलो. आईला कारण सांगितलं असतं, तर तिने मला हे थांबवायलाच लावलं असतं. "होतं असं कधी कधी" एवढंच म्हणून मी दोन वर्षं काढली. त्याची लाज मला आजही वाटते.

मग आम्हाला मुलगी झाली, वजनाने जरा कमीच. तिला न्हाऊ कोण घालणार, हा प्रश्नच नव्हता. अमरावतीला आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आईच्या पायांवर न्हाली होती. घरी आल्यावर बायकोने बाळ पुढे केलं, तर आई मागे सरली.

"बाई लावा तुम्ही," ती म्हणाली. "एवढ्याशा जिवाले माह्या हाताचं यश नाही."

तेव्हा, मोरीच्या दारात उभं राहून, मी तिला सगळं सांगितलं.

"तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

मी बायकोच्या हातातलं बाळ घेऊन आईपुढे धरलं. मला वाटलं, आता तरी ती बाळाला घेईल. पण ती हात पुसत स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून न्हाऊ घालायला बाई यायला लागली. ससे मी महिन्याभरात देऊन टाकले. मुलगी चार महिन्यांची, चांगली गुटगुटीत झाल्यावर आईने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, आणि तेही बायकोला शेजारी बसवून.