उशाला की पायथ्याला

भिंगारच्या बाजारात गहिनीनाथ सुतार जुन्या लाकडाचे पलंग करीत असे. पाडलेल्या घरांचं सागवान तो घेई. मुरलेलं लाकूड पुन्हा वाकत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

१९७१ साली गोजरबाईंचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून त्यांचं घर उतरवलं. दाराची चौकट त्यांनी बैलगाडीत घालून भिंगारला आणली. लेकीच्या, चांगुणाच्या लग्नात द्यायचा पलंग त्यांना याच चौकटीचा हवा होता.

"घर तर बुडतंय. लेक तरी आपल्या लाकडावर निजू दे."

गहिनीनाथने चौकटीच्या उभ्या बाजू पलंगाच्या लांबीला घेतल्या. वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरा, एक उशाला, एक पायथ्याला. रंधा झाला, पॉलिश झालं.

हळदीच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाची आई लंकाबाई पलंग बघायला आली, गोजरबाईंनाच बरोबर घेऊन.

"झ्याक झालाय. पन चौकटीचा हाय म्हनता, मग उंबरा कुठं गेला?"

गहिनीनाथने आधी उशाकडे पाहिलं, मग पायथ्याकडे.

"उंबऱ्यावर कुनी बसत न्हाई, आन् माजी सून निजंल व्हय? ह्यो पलंग माज्या दारात येनार न्हाई."

"उंबरा तेवढा काढ रं, गहिनीनाथा," गोजरबाई म्हणाल्या. बाकीचं लाकूड सोडायला त्या तयार नव्हत्या.

पण उंबरा कोणता? पट्ट्या एकाच मापाच्या. पायांची झीज रंध्यात गेलेली. खिळ्यांची भोकं दोन्हींत: उंबऱ्यावर घोड्याची नाल होती, गणेशपट्टीवर पितळी गणपती. गहिनीनाथने ठोकून पाहिलं, वास घेतला. गोजरबाईंनी दोन्हींवरून तळवा फिरवला आणि मान हलवली.

"इहीनबाई, रोज हळदीकुंकू वाह्यलं तुमी," लंकाबाई म्हणाली, "आन् सवताचा उंबरा वळखंना?"

"ह्यो," गहिनीनाथ म्हणाला आणि त्याने पायथ्याच्या पट्टीवर हात ठेवला.

ती काढून तिथे दुसऱ्या लाकडाची पट्टी बसवली. पलंग गेला, लग्न झालं. काढलेली पट्टी गोजरबाईंनी नव्या गावठाणात नेली आणि घराला उंबरा म्हणून बसवून घेतली. रोज त्यावर हळदीकुंकू असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पायही पडतो.

कामाला तिकडे गेला की गहिनीनाथ दाराशी घुटमळतो, वाकून त्या लाकडाला हात लावतो, मगच लांब ढांग टाकून आत जातो.

"येवढं काय रं वाकतोस?" गोजरबाई विचारतात. "उंबराच हाय न्हवं?"

"व्हय की," तो म्हणतो.